आर्थर रॉली : लीगमध्ये ४३४ गोल, इंग्लंडकडून एकही मॅच नाही

कोपऱ्यातला_झेंडा

१९६४-६५ च्या हंगामात श्रूजबरी टाउनसाठी दोन गोल करून आर्थर रॉलीने खेळणं थांबवलं. वय एकोणचाळिशीला टेकलेलं, अंग भरलेलं, आणि संघाचा मॅनेजरही तोच. लीगमधले एकूण सामने ६१९, गोल ४३४. इंग्लिश लीगच्या सगळ्या डिव्हिजन (पहिली सर्वात वरची; दर हंगामाअखेर वरचे संघ एक पायरी वर जातात, तळाचे खाली) मिळून इतके गोल त्याच्याआधी कोणी केले नव्हते, नंतरही कोणाला जमलेले नाहीत. आणि इंग्लंडच्या मुख्य संघाचा शर्ट त्याने एकदाही घातला नाही. एक 'बी' संघाचा सामना, बस्स.

मागे खेळाडूंच्या पगारांवरच्या धाग्यात मी त्याचं नाव घेतलं, तेव्हा कोणीतरी लगेच लिहिलं की "खालच्या डिव्हिजनमधले गोल काय मोजायचे?" तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर लिहायचं.

जन्म वुल्व्हरहॅम्प्टनचा, एप्रिल १९२६. थोरला भाऊ जॅक रॉली मँचेस्टर युनायटेडचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारणारा मधला आक्रमक. १९४८ च्या एफए कप फायनलमध्ये ब्लॅकपूलविरुद्ध दोन गोल केले तोच. इंग्लंडकडून सहा सामन्यांत सहा गोल, त्यातले चार एकट्या नॉर्दर्न आयर्लंडविरुद्ध, १९४९ साली. म्हणजे घरात एक नाव आधीच मोठं झालेलं. युद्धाच्या काळात अवघ्या पंधराव्या वर्षी आर्थरही युनायटेडकडून भावाबरोबर उतरला होता, पण त्या सामन्यांची गणती अधिकृत लीगमध्ये होत नाही. व्यावसायिक झाला तो वेस्ट ब्रॉमविचकडे. तिथे २४ सामन्यांत ४ गोल. यात पुढच्या विक्रमाचा मागमूसही नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये वेस्ट ब्रॉमने त्याला फुलहॅमला दिलं आणि बदल्यात एर्नी शेफर्ड नावाचा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) घेतला. इथे गाडी रुळावर आली. उरलेल्या अर्ध्या हंगामात २२ सामन्यांत १९ गोल, आणि फुलहॅम दुसरी डिव्हिजन जिंकून वर. पुढच्या वर्षी पहिल्या डिव्हिजनमध्ये मात्र ३४ सामन्यांत फक्त ८. १९५० मध्ये फुलहॅमने त्याला दुसऱ्या डिव्हिजनमधल्या लेस्टर सिटीला विकलं.

आता लेस्टरचे आठ हंगाम ओळीने देतो, कारण नुसती बेरीज सांगितली तर त्यातलं सातत्य दिसत नाही: २८, ३८, ३९, ३०, २३, २९, ४४, २०. एकूण २५१ गोल, ३०३ सामने. यातले २३ आणि २० हे पहिल्या डिव्हिजनमधल्या दोन वर्षांचे. ४४ गोलांच्या वर्षी, १९५६-५७ मध्ये, संघाचे लीगमध्ये १०९ गोल झाले आणि लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनचा विजेता ठरला. १९५३-५४ मध्येही तोच मान मिळाला होता. डावा पाय असा की लोक त्याला 'गनर', म्हणजे तोफ डागणारा, म्हणत. भावालाही हेच नाव होतं, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळ उडतो.

१९५८ मध्ये वय ३२. लेस्टर पहिल्या डिव्हिजनमध्ये कसंबसं तगलेलं. त्या उन्हाळ्यात रॉली थेट श्रूजबरीला गेला, खेळाडू आणि मॅनेजर अशा दोन्ही नात्यांनी. त्याच वर्षी तिसऱ्या डिव्हिजनचे उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग मोडून अखिल इंग्लंडची तिसरी आणि चौथी डिव्हिजन झाली होती, आणि श्रूजबरी त्या नव्याकोऱ्या चौथ्या डिव्हिजनमध्ये होतं. पहिल्या डिव्हिजनमधून एकदम चौथ्या. कागदावर याहून मोठी घसरण शक्य नाही.

तिथे पहिल्याच वर्षी ३८ गोल, आणि श्रूजबरी चौथ्या क्रमांकाने वर. मग ३२, २८, २३, २४. एप्रिल १९६१ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीच्या मैदानावर त्याने ३८० वा गोल केला आणि एव्हर्टनच्या जुन्या गोलवीराचा, डिक्सी डीनचा, ३७९ चा विक्रम मागे टाकला. त्याच हंगामात लीग कप ही स्पर्धा पहिल्यांदा भरली. त्यात श्रूजबरीने एव्हर्टनला हरवून उपांत्य फेरी गाठली आणि तिथे रॉदरहॅमकडून हार खाल्ली. श्रूजबरीसाठी एकूण गोल १५२.

माझं म्हणणं असं की हा विक्रम खालच्या डिव्हिजनमधला आहे म्हणून तो हलका ठरत नाही. तो झाला तोच मुळी त्या काळच्या लीगच्या रचनेमुळे. १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. १९४७ मध्ये हंगामात आठवड्याला १२ पौंड आणि उन्हाळ्यात १०. १९५१ मध्ये १४, १९५८ मध्ये २० आणि १७. पहिल्या डिव्हिजनमधल्या राष्ट्रीय खेळाडूलाही यापेक्षा जास्त देता येत नसे. मग ३२ वर्षांच्या, बायकोपोराच्या माणसाने वरच राहण्याचा हट्ट का धरावा? खाली गेल्याने उत्पन्न फारसं घटत नव्हतं, वर मॅनेजरची नोकरी मिळत होती, आणि मॅनेजरच्या पगाराला ही मर्यादा लागूच नव्हती. आज असा स्ट्रायकर वरच्या लीगच्या बाकावर बसून पैसे घेईल, पण खालच्या डिव्हिजनमध्ये जाऊन सात हंगाम खेळणार नाही.

म्हणून मला रॉलीचं करिअर घसरणीचं वाटत नाही. त्या काळच्या चांगल्या व्यावसायिक फुटबॉलरचं ते अगदी शहाणपणाचं करिअर होतं.

शंकेखोर

लेख चांगला, पण निष्कर्ष पटला नाही.

डिव्हिजनवार फोड मीच करतो. पहिल्या डिव्हिजनमध्ये ८ + २३ + २० = ५१. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये ४ + १९ + लेस्टरचे २०८ = २३१. तिसऱ्या-चौथ्या मिळून १५२. जिमी ग्रीव्ह्जचे ३५७ गोल आहेत आणि सगळेच्या सगळे पहिल्या डिव्हिजनमधले. ५१ आणि ३५७ शेजारी ठेवा आणि मग सांगा 'सर्वात मोठा गोलस्कोअरर' कोण.

कोपऱ्यातला_झेंडा

@शंकेखोर, 'सर्वात मोठा' असं मी कुठेही म्हटलेलं नाही. 'सर्वात जास्त' म्हटलंय. ग्रीव्ह्ज हा वरच्या दर्जाचा फुटबॉलर होता यावर वादच नाही.

पण तुमच्याच फोडीकडे नीट बघा. पहिल्या डिव्हिजनमध्ये तो पूर्ण असे तीनच हंगाम खेळला, आणि त्यातल्या लेस्टरच्या दोन वर्षांत २३ आणि २०. तेही संघ तळाशी झगडत असताना. १९५४-५५ मध्ये तर लेस्टर खाली गेलंच. खाली जाणाऱ्या संघासाठी २३ गोल करणाऱ्याला 'वर जमत नव्हतं' कसं म्हणायचं?

आणि डीनचे ३७९ मोजताना त्यातले २७ ट्रॅनमिअर रोव्हर्सचे, तिसऱ्या डिव्हिजन उत्तरमधले आहेत, ते कोणी वजा करत नाही.

लेस्टरकर_मराठी

मी गेली बरीच वर्षं लेस्टरात आहे. इथल्या नव्या पिढीला रॉली विचारलात तर बहुतेकांना माहीत नसतं. त्यांच्यासाठी क्लबचा इतिहास ऐंशीच्या दशकातल्या स्ट्रायकर गॅरी लिनेकरपासून सुरू होतो किंवा थेट २०१६ च्या प्रीमियर लीग विजेतेपदापासून. पण क्लबच्या एकूण गोलांच्या यादीत रॉलीच्या वर आर्थर चँडलर आहे, १९२०-३० च्या दशकातला. म्हणजे दोन्ही आर्थरच. लीगमधल्या गोलांत चँडलरचे २५९ आणि रॉलीचे २५१. अजून एखादा हंगाम लेस्टरमध्ये राहिला असता तर हाही विक्रम सहज त्याचा झाला असता.

जुनं फिल्बर्ट स्ट्रीट २००२ मध्ये बंद झालं. योगायोग असा की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉली गेला.

स्वल्पविराम

छान माहिती. फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, त्यामुळे बाळबोध प्रश्न: आठवड्याला २० पौंड म्हणजे तेव्हा किती? गरिबी होती की बरं चाललं होतं? आणि 'उन्हाळ्यात १७' हे काय प्रकरण?

जुनी_स्कोअरबुकं

@स्वल्पविराम, प्रश्न बाळबोध अजिबात नाही, सगळा विषय तिथेच अडकलाय.

१९६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या कारखान्यातल्या पुरुष कामगाराची सरासरी कमाई आठवड्याला साधारण १४-१५ पौंड होती. म्हणजे २० पौंड मिळवणारा फुटबॉलर शेजारच्या फिटरपेक्षा थोडा वर, इतकंच. राहायला बहुतेकदा क्लबचं घर, भाडं कमी. पण दुसऱ्या क्लबात गेलात किंवा पाय मोडून बाद झालात की घरही गेलं.

उन्हाळ्यात लीग बंद, म्हणून पगार कमी. तेवढ्या महिन्यांत बरेच जण दुसरं काम धरायचे. कोणी सुतारकाम, कोणी दुकानात. टॉम फिनी तर इंग्लंडचा एवढा मोठा विंगर, पण प्रेस्टनला त्याचा प्लंबिंगचा धंदा होता. सामना जिंकला तर २ पौंड बोनस, बरोबरीला १. १९५८ मध्ये तो दुप्पट केला. करार करताना हातावर मिळायचे १० पौंड.

एक गोष्ट धागाकर्त्यांनी गाळली आहे ती जोडतो. २० पौंड ही *कमाल* मर्यादा होती, सगळ्यांना मिळणारी रक्कम नव्हे. तिसऱ्या-चौथ्या डिव्हिजनच्या गरीब क्लबांत पुष्कळांना त्याहून बरंच कमी मिळे, आणि काही जण अर्धवेळ खेळाडू होते. रॉलीसारख्याला खाली जाणं परवडलं कारण तो रॉली होता. साध्या फुलबॅकचं तसं नव्हतं.

कोपऱ्यातला_झेंडा

@जुनी_स्कोअरबुकं, हो, मुद्दा रास्त आहे. माझा रोख वरच्या आणि खालच्या डिव्हिजनमधल्या *दरीवर* होता. १९६१ नंतर ती दरी झपाट्याने वाढली. जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या धमकीनंतर मर्यादा उठली आणि लगेच फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला १०० पौंड दिले. वीसवरून शंभर, एका वर्षात. श्रूजबरीसारख्या गावाने त्याच्याशी स्पर्धा कशी करायची?

पाटावरवंटा

मला यात श्रूजबरीचं मैदानच जास्त आवडलं, म्हणून वाचत बसले. गे मेडो अगदी सेव्हर्न नदीच्या काठावर. बचाव करताना बॉल जरा उंच मारला की तो नदीत. तो आणायला फ्रेड डेव्हिस नावाचा माणूस कोरॅकल घेऊन बसलेला असायचा. आपल्याकडे हंपीला तुंगभद्रेत चालते तशीच गोल, टोपलीसारखी होडी. त्याची ही ख्याती पुढे टीव्हीवर गेली. रॉलीच्या त्या डाव्या पायाने फ्रेडला किती वेळा नदीत घातलं असेल कोण जाणे 😄

क्लब २००७ मध्ये तिथून हलला. नवं मैदान नदीपासून लांब आहे.

शंकेखोर

@कोपऱ्यातला_झेंडा, बरं, पगाराचा मुद्दा मान्य. पण मग इंग्लंडच्या संघाचं काय? तुमच्या लेखात एक सूर असा आहे की बिचाऱ्यावर अन्याय झाला, दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता म्हणून कोणी बघितलं नाही. हे टिकत नाही.

टॉमी लॉटन १९४७ मध्ये चेल्सी सोडून तिसऱ्या डिव्हिजन दक्षिणमधल्या नॉट्स काउंटीला गेला, २०,००० पौंडांना, तेव्हाच्या विक्रमी किमतीला. आणि तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असतानाही इंग्लंडकडून खेळला. ब्रिस्टल सिटीचा जॉन अटियो दुसऱ्या डिव्हिजनमधून सहा सामने खेळला, पाच गोल केले. ब्रायन क्लफ मिडल्सबरोकडून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता, त्याला १९५९ मध्ये दोन सामने मिळाले. निवड समिती खाली बघत होती. रॉलीला बघूनही घेतलं नाही.

कारण साधं आहे. तो जड होता, धावपळ कमी, आणि समोर स्पर्धा कोणाशी? मॉर्टेन्सन २५ सामन्यांत २३ गोल. लॉफ्टहाउस ३३ सामन्यांत ३०. मिलबर्न, मग टॉमी टेलर १९ सामन्यांत १६. यातल्या कोणाला बसवायचं?

वाळवणातली_मिरची

म्हणजे आपला पॅडी शिवलकर. ५८९ फर्स्ट क्लास विकेट्स आणि एकही टेस्ट नाही, कारण समोर बेदी.

कोपऱ्यातला_झेंडा

@वाळवणातली_मिरची, नाव वाचून गहिवरलो, पण तुलना जुळत नाही. शिवलकर मुंबईकडून, म्हणजे देशांतर्गत क्रिकेटच्या सर्वोच्च पातळीवर खेळत होते. तिथे प्रश्न फक्त एका जागेचा होता.

@शंकेखोर, लॉटनचं उदाहरण उलट बाजूने पण बघता येतं. तो खाली गेला तेव्हा *आधीच* इंग्लंडचा सेंटर फॉरवर्ड होता. तरी खाली गेल्यावर मोजकेच सामने मिळाले आणि १९४८ नंतर संपलाच. अटियो आणि क्लफ दोघेही तरुण होते, त्यांच्यावर लक्ष असणं साहजिक. रॉलीचे ३८ आणि ३९ गोलांचे हंगाम आले तेव्हा तो २६-२७ वर्षांचा, दोन क्लबांनी सोडून दिलेला. समितीच्या डोक्यात त्याचं चित्र एकदा तयार झालं ते झालं.

बाकी स्पर्धा तगडी होती, हे खरंच. १९५०-५५ मध्ये मला संघ निवडायला लावला असता तर मीही लॉफ्टहाउसलाच घेतलं असतं. एक-दोन सामने रॉलीला मिळायला हवे होते, एवढंच मागणं आहे.

क्लफचं नाव निघालंच आहे तर एक गंमत. क्लफचे संपूर्ण कारकिर्दीतले लीग गोल २५१. रॉलीचे एकट्या लेस्टरसाठीचे २५१. क्लफने ते २७४ सामन्यांत केले हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सांगालच.

शंकेखोर

सांगणारच होतो :)

जुनी_स्कोअरबुकं

भावांचा एक किस्सा राहिला. ऑक्टोबर १९५५ मध्ये एकाच शनिवारी जॅक आणि आर्थर दोघांनीही आपापला २०० वा लीग गोल केला. आर्थर लेस्टरकडून, जॅक प्लिमथकडून, कारण तोवर तो तिथे खेळाडू-मॅनेजर झाला होता. थोरल्याला युद्धाने सहा-सात वर्षांना मुकवलं, हे विसरू नका. ऐन पंचविशीत लीगच बंद.

युद्धाचा विषय आलाच म्हणून जाता जाता: त्याच पिढीतला आर्सेनलचा विंगर डेनिस कॉम्प्टन सैन्यात असताना महूला होता. तिथून तो होळकर संघाकडून रणजी खेळला आणि १९४५ च्या फायनलमध्ये ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्ध नाबाद २४९ केले. सामना मुंबईनेच जिंकला. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांनी एक इंग्लिश व्यावसायिक फुटबॉलर प्रत्यक्ष पाहिला तो असा, हातात बॅट घेतलेला.

थ्रोइन

खेळाडू-मॅनेजर म्हटलं की मला आयव्हर ब्रॉडिस आठवतो. युद्ध संपल्यावर कार्लाइल युनायटेडने त्याला २३ व्या वर्षी खेळाडू-मॅनेजर केलं. तिसरी डिव्हिजन उत्तर, स्कॉटलंडच्या सीमेवरचं गाव. १९४९ मध्ये सँडरलंडने १८,००० पौंड देऊ केले. मॅनेजर म्हणून त्याने तो सौदा केला आणि स्वतःलाच विकलं! राहायला मात्र कार्लाइललाच राहिला आणि सरावही जुन्याच क्लबात करत असे. त्याच्या जागी मॅनेजर आला बिल शँकली. पुढे ब्रॉडिस इंग्लंडकडून १४ सामने खेळला आणि १९५४ च्या वर्ल्डकपमध्ये बेल्जियमविरुद्ध दोन गोल केले.

म्हणजे खालून वर जाण्याची वाट होती. रॉली त्या वाटेवर उलटा चालला.

स्वल्पविराम

स्वतःलाच विकलं 😂 हे कायदेशीर होतं?

आणि खेळाडूला क्लब आवडला नाही तर तो सोडून जाऊ शकत नव्हता का? इतकं कमी मिळत होतं तर परदेशी का नाही गेले?

थ्रोइन

कायदेशीर होतं, संचालक मंडळाची मान्यता होती. क्लबलाच पैसे हवे होते.

सोडून जाणं मात्र अवघड. 'रिटेन अँड ट्रान्सफर' नावाची पद्धत होती. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राही. क्लबने 'ठेवला' म्हटलं तर तो दुसरीकडे खेळू शकत नसे, मग पगार मिळो वा न मिळो. १९५९-६० मध्ये जॉर्ज ईस्टहॅमचं न्यूकासलशी बिनसलं, क्लबने सोडायला नकार दिला, तर तो सरळ खेळ सोडून दक्षिणेत नोकरीला लागला. शेवटी आर्सेनलला विकला गेला, पण खटला चालूच ठेवला. १९६३ मध्ये न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी निकाल दिला की ही पद्धत खेळाडूच्या उपजीविकेवर अवाजवी बंधन घालते.

परदेशी गेलेही काही. १९५० मध्ये स्टोकचा नील फ्रँकलिन, इंग्लंडचा सेंटर हाफ, ऐन वर्ल्डकपच्या तोंडावर कोलंबियात बोगोटाला गेला. कोलंबियाची लीग तेव्हा फिफाबाहेर होती, त्यामुळे ट्रान्सफर फी द्यायचा प्रश्नच नव्हता आणि पगार भरपूर. थोड्याच महिन्यांत परत आला, बंदी भोगली, इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळला नाही. मग हल, क्रू, स्टॉकपोर्ट. तोही खालच्या डिव्हिजनचाच फुटबॉलर झाला, पण शिक्षा म्हणून.

जुनी_स्कोअरबुकं

रॉलीवर खूप झालं, पण 'खालच्या डिव्हिजनचा फुटबॉलर' म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे तो येत नाही. हॅरल्ड बेल येतो.

ट्रॅनमिअर रोव्हर्स, बर्कनहेड. लिव्हरपूल आणि एव्हर्टनच्या नदीपलीकडे, कायम त्यांच्या सावलीत. १९४६ मध्ये युद्धानंतर लीग सुरू झाली त्या पहिल्या सामन्यापासून ते ऑगस्ट १९५५ पर्यंत बेल लीगचा एकही सामना चुकला नाही. सलग ४०१. सेंटर हाफ, म्हणजे समोरच्या धिप्पाड सेंटर फॉरवर्डशी दर शनिवारी टक्कर. चिखलात भिजून जड झालेला चामड्याचा बॉल डोक्याने मारायचा. बदली खेळाडू १९६५ पर्यंत नव्हतेच, त्यामुळे दुखापत झाली तर लंगडत विंगवर उभं राहायचं. आणि हे सगळं तिसऱ्या डिव्हिजन उत्तरमध्ये, जिथून वर जायचा मान फक्त पहिल्या क्रमांकाला. ट्रॅनमिअरला त्या नऊ वर्षांत तो एकदाही मिळाला नाही.

मालिका तुटली ती दुखापतीने नाही. मॅनेजरने संघातून वगळलं म्हणून.

पाटावरवंटा

हे वाचून रॉलीपेक्षा बेलचंच जास्त वाईट वाटलं. वर जायची आशाही नाही आणि खाली पडायची भीती मात्र आहेच ना?

जुनी_स्कोअरबुकं

@पाटावरवंटा, खाली पडायची भीती होती, पण वेगळ्या प्रकारची. तळाच्या क्लबांना आपोआप खाली ढकलत नसत. त्यांनी पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करायचा आणि बाकीच्या क्लबांनी मत द्यायचं. बहुतेकदा जुन्यांनाच परत घेत, अगदी क्लबांमधल्या मैत्रीखातर. पण १९५१ मध्ये न्यू ब्रायटनला काढून वर्किंग्टनला घेतलं. न्यू ब्रायटन म्हणजे बेलच्या ट्रॅनमिअरचा अगदी शेजारी. १९६० मध्ये गेट्सहेड तळाला नसतानाही गेलं आणि पीटरबरो आलं. ॲक्रिंग्टन स्टॅन्लीने तर १९६२ च्या मार्चमध्ये कर्जापायी हंगाम अर्धवट सोडून राजीनामा दिला. त्यांच्या खेळाडूंचं शनिवारचं काम मार्चमध्येच संपलं.

शंकेखोर

पीटरबरो म्हणजे टेरी ब्लाय! धागाकर्ते, चौथ्या डिव्हिजनमधले गोल मोजायचे तर मग हेही मोजा. १९६०-६१, पीटरबरोचं लीगमधलं पहिलंच वर्ष. ब्लायचे ४६ सामन्यांत ५२ गोल, संघाचे १३४. रॉलीचा सर्वोत्तम हंगाम ४४. मग ब्लाय रॉलीपेक्षा मोठा?

कोपऱ्यातला_झेंडा

नाही, कारण ब्लायला ते पंधरा वर्षं करता आलं नाही. एखादा हंगाम लागून जातो. १९३६ च्या एप्रिलमध्ये ल्यूटनच्या जो पेनने ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध एका सामन्यात १० गोल केले. तो नेहमीचा सेंटर फॉरवर्डही नव्हता, जागा भरायला उतरवला होता. रॉलीचे १९५०-५१ ते १९६२-६३ असे सलग तेरा हंगाम बघा, एकदाही वीसच्या खाली नाही. वीस गोल हा त्याचा *सर्वात वाईट* हंगाम, आणि तोही पहिल्या डिव्हिजनमधला. डिव्हिजन बदलली, क्लब बदलला, मॅनेजर बदलला (शेवटी तर स्वतःच झाला), वय २४ वरून ३७ झालं, आकडा फार हलला नाही. याच्यासारखा दुसरा मला दाखवा.

शंकेखोर

तेरा हंगाम, वीसच्या खाली नाही. हं. हे आधी लिहायला हवं होतं तुम्ही. ग्रीव्ह्जवरचं माझं मत कायम आहे, पण हे दमदार आहे.

थ्रोइन

ब्लायची पुढची गोष्ट कोणाला माहीत आहे का? १९६२ मध्ये तो कॉव्हेंट्रीला गेला. मॅनेजर कोण? जिमी हिल. तोच, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष, ज्याने कमाल पगार मर्यादा उठवायला भाग पाडलं. ब्लाय गोल करत होता, प्रेक्षकांचा लाडका झाला होता, आणि हंगाम संपायच्या आत हिलने पीटरबरोकडूनच जॉर्ज हडसनला आणलं आणि ब्लायला बाजूला केलं. लोक खवळले. हडसनने पहिल्याच सामन्यात हॅट्ट्रिक केली आणि लोक गप्प झाले. ब्लाय गेला नॉट्स काउंटीला.

वाळवणातली_मिरची

संघटनेचा अध्यक्ष खुर्चीवर बसला की मालकासारखाच वागतो, हे बर्कनहेडपासून परळपर्यंत सारखंच.

थ्रोइन

@वाळवणातली_मिरची, इतकं सरळ नाही. हिलने त्या क्लबला तिसऱ्या डिव्हिजनमधून पहिल्या डिव्हिजनपर्यंत नेलं, १९६४ आणि १९६७ मध्ये. खेळाडूंना चांगला पगार मिळावा ही मागणी आणि गरज संपली की खेळाडू बदलणं, या दोन्ही गोष्टी त्याच्या लेखी एकाच व्यवहाराच्या बाजू होत्या. बाजार खुला करा म्हटलं की तो दोन्ही बाजूंनी खुला होतो.

लेस्टरकर_मराठी

रॉली मॅनेजर म्हणून पुढे कसा होता? कोणी लिहिलं नाही.

कोपऱ्यातला_झेंडा

बरा. श्रूजबरीत १९६८ पर्यंत राहिला, क्लब तिसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकवला, जे त्या आकाराच्या गावासाठी कमी नाही. मग शेफील्ड युनायटेडला एक हंगाम, जमलं नाही. १९७० ते ७६ साउथएंड. १९७२ मध्ये त्यांना चौथ्या डिव्हिजनमधून वर आणलं, १९७६ मध्ये ते पुन्हा खाली आले आणि त्याची नोकरी गेली. त्यानंतर लीगमधला मोठा क्लब मिळाला नाही. राहायला श्रूजबरीतच राहिला, गेलाही तिथेच.

@थ्रोइन, जिमी हिलवर वेगळा धागा काढा. दाढी, संप, कॉव्हेंट्री, टीव्ही, सगळं घ्या. इथे लिहिलंत तर रॉली पुन्हा दुसऱ्या पानावर जाईल.

थ्रोइन

काढतो. पण शंकेखोरांना आधीच सांगून ठेवा, हिलचे फुलहॅममधले गोल मोजायला बसू नका म्हणून.

शंकेखोर

त्याने एका सामन्यात पाच केले होते. डॉनकास्टरविरुद्ध, १९५८. दुसरी डिव्हिजन. बसणारच.